सांगलीत जुना हाफ प्लेट कॅमेरा मिळालाय, थेट वेट प्लेट करू की आधी फिल्म?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. मामांचा तासगावला स्टुडिओ होता तो आता बंद केला आणि माळ्यावरून सागवानी कॅमेरा खाली आला. हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, पितळी लेन्स आहे पण तिला शटरच नाही, नुसतं टोपण. सोबत पुस्तकासारखे उघडणारे लाकडी प्लेट होल्डर आहेत. कॅमेऱ्याच्या घडीच्या भात्याला कोपऱ्यात बारीक भोकं दिसतायत, बाकी लाकूड ठणठणीत.

इन्स्टावर टिनटाइपचे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय, ते काळ्या पत्र्यावर पांढरा चेहरा उमटत येतो ते. मला तेच करायचंय, म्हणजे वेट प्लेट, इथरमधला चिकट कोलोडियन काचेवर किंवा पत्र्यावर ओतायचा, सिल्व्हर नायट्रेटमधे बुडवायचा आणि ओला असतानाच फोटो काढायचा. पण एकजण म्हणतो आधी फिल्म शिक, दुसरा म्हणतो हा कॅमेरा विक आणि सरळ ४×५ इंची फिल्मचा कॅमेरा घे. डिजिटलचा अनुभव आहे, डार्करूमचा शून्य. प्रश्न असे की हाफ प्लेटची फिल्म मिळते का, सांगलीच्या उन्हाळ्यात इथरवालं काम होतं का, आणि शटर नसताना एक्सपोजर द्यायचं कसं? बजेट फार नाही, सौ. चं लक्ष आहे.

अजिंक्यतारा_डार्करूम

कॅमेरा विकू नका ही पहिली गोष्ट. ४×५ ला फिल्म सहज मिळते हे खरं, एफपी४, एचपी५, फोमापान सगळं येतं, पण एका शीटचा भाव बघितला की माणूस फोटो काढण्याऐवजी नुसता विचार करत बसतो, आणि शिकायच्या काळात शीटं वाया जायलाच पाहिजेत. हाफ प्लेटची रेडिमेड फिल्म इलफर्ड कंपनी वर्षातून एकदा विचित्र साइझच्या ऑर्डरी घेते त्यात मिळू शकते, ती मागवून इथं आणायचा खर्च तुम्हीच काढा.

तुम्हाला मिरज जवळ आहे, त्याचा फायदा घ्या. एवढी हॉस्पिटलं असल्यावर एक्स-रे फिल्म विकणारे असणारच. पण दुकानात जाऊन नुसतं एक्स-रे फिल्म द्या म्हणू नका, कारण आता बहुतेक ठिकाणी डिजिटल झालंय आणि ते ड्राय लेझर फिल्म देतील, ती उष्णतेवर छापणारी, आपल्या काही कामाची नाही. डेव्हलपर-हायपोत (हायपो म्हणजे फोटो पक्का करणारा फिक्सर) धुवायची जुनी ग्रीन सेन्सिटिव्ह किंवा ब्लू सेन्सिटिव्ह फिल्म पाहिजे असं स्पष्ट सांगायचं. ८×१० च्या एका शीटमधून तुमच्या साइझच्या बरोबर दोन निघतात, १०×१२ मधून नीट कापलं तर तीन. लाल लाइटमधे कापता येते, लाल लाइटमधेच ट्रेमधे डेव्हलप होताना दिसते, नवशिक्याला याच्यासारखं दुसरं काही नाही. दोन्ही बाजूंना इमल्शन (उजेड टिपणारा थर) असतं म्हणून ओरखडे लय पडतात, ट्रेच्या तळाला काच टाका आणि एका वेळी एकच शीट धुवा. कॉन्ट्रास्ट पण फार जास्त येतो, रोडिनल १:१०० सारखा पातळ डेव्हलपर ठेवा.

आता शटरचं. ग्रीन सेन्सिटिव्ह फिल्मचा स्पीड (म्हणजे आयएसओ) १०० धरला तर भर उन्हात एफ ३२ ला, म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक करून सुद्धा सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो, हाताने टोपण काढून लावून ते कोणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून सुरुवात ब्रोमाइड पेपरवर, म्हणजे फोटो छापायच्या कागदावर करा. ग्लॉसी आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) पेपर निगेटिव्ह म्हणून होल्डरमधे घालायचा, स्पीड ६ च्या आसपास, म्हणजे सावलीत एफ १६ ला सेकंद-दीड सेकंद. एवढं टोपणाने आरामात होतं. त्या निगेटिव्हवरून दुसऱ्या पेपरवर कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे दोन्ही एकमेकांना टेकवून छापायचं. एक्स-रे फिल्म मग संध्याकाळच्या उजेडात वापरा.

होल्डरबद्दल एक सांगायचं राहिलं. ते काचेसाठी बनलेत. फिल्म किंवा पेपर नुसता घातला तर पोटात फुगतो आणि फोकस जातो. मागे त्याच मापाची काच किंवा पातळ पत्र्याची शीथ (फिल्म सरकवायची चौकट) लागते, आणि फिल्मची पुढची बाजू काचेचं इमल्शन जिथं असायचं बरोबर तिथंच आली पाहिजे. मागच्या, फोकस बघायच्या दुधी काचेची खरबरीत बाजू लेन्सकडे आहे ना ते पण बघा, जुन्या कॅमेऱ्यात कोणीतरी उलटी बसवलेली असते आणि लोक लेन्सला शिव्या घालतात.

भात्याची भोकं शोधायला रात्री खोली अंधारी करून आत टॉर्च ठेवा, चांदण्या दिसतील. बारीक असतील तर काळा फॅब्रिक कलर आतून दोन हात. कोपरे फाटले असतील तर मिरजेत हार्मोनियमचा भाता दुरुस्त करणारा गाठा, त्याला कॅमेरा काय हे सांगायची पण गरज नाही.

कोलोडियनवेडा

अजिंक्यतारा यांचं सगळं मान्य, निष्कर्ष अमान्य 😄 शटर नसलेली पितळी लेन्स, काचेचे होल्डर, हाफ प्लेट, अहो हा कॅमेरा स्लो मटेरियलसाठीच जन्मलाय आणि तुम्ही त्याला एक्स-रे फिल्म खायला घालताय. वेट प्लेटचा स्पीड १ किंवा त्याहूनही कमी. उघड्या सावलीत एफ ५.६ ला एक-दोन सेकंद, टोपण काढा, मोजा, लावा.

पण सीझन पाळा. इथर ३४.६ डिग्रीला उकळतं आणि सांगलीत एप्रिल-मेमधे पारा ४० च्या आसपास असतो, म्हणजे बाटली उघडली की निम्मा माल हवेत. कोलोडियन ओतताना काचेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायच्या आत घट्ट होतं, लाटा उठतात, आणि सिल्व्हर नायट्रेटमधून काढलेली प्लेट धुवायच्या आत सुकायला लागते. थंडीत दहा-पंधरा मिनिटं हातात असतात, उन्हाळ्यात त्याच्या निम्मी पण धरू नका. डिसेंबर-जानेवारीत सकाळी करा. गरमीत करायचंच असेल तर कोलोडियनमधे इथर कमी अल्कोहोल जास्त, डेव्हलपरमधे ॲसिटिक ॲसिड थोडं वाढवा आणि होल्डरच्या पेटीत ओलं फडकं. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज फोटोग्राफर १८६३ ते १८६६ च्या दरम्यान हिमालयात काचा आणि तंबू घेऊन फिरला त्याचं सगळे कौतुक करतात, मी पण करतो, पण गडी थंडीत होता हे विसरू नका!

कोलोडियन मेडिकलमधे मागितलं तर फ्लेक्सिबल कोलोडियन देतील, त्यात एरंडेल आणि कापूर असतो, ते नको, साधं पाहिजे. आयोडाइड आणि ब्रोमाइडचे क्षार त्यात आपण घालायचे. सिल्व्हर नायट्रेट ९ टक्के, म्हणजे लिटरला ९० ग्रॅम, त्यात जवळजवळ ५७ ग्रॅम नुसती चांदी असते, तेव्हा चांदीचा भाव बघूनच प्लेट बुडवायची टाकी केवढी घ्यायची ते ठरवा. उभ्या टाकीऐवजी ट्रे घेतला तर बरंच कमी लागतं.

पाणी मात्र डिस्टिल्डच. आपल्याकडे नदीकाठच्या बोअरला क्षार लय, नळाला क्लोरिन. खात्री करायची असेल तर वाटीभर पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका, दुधाळ झालं की ते पाणी बाद.

पत्रा ट्रॉफीच्या दुकानात मिळतो, नाव कोरायला वापरतात तो काळा ॲल्युमिनियम. कुस्ती-कबड्डीच्या कृपेने आपल्याकडे अशा दुकानांना तोटा नाही. आधी एक तुकडा आणून त्यावर इथर-अल्कोहोलचा थेंब टाका, काही पत्र्यांचा रंग सुटतो. आणि पाटी असलेला फोटो काढू नका, टिनटाइपमधे अक्षरं उलटी येतात.

रंगांचं वेगळंच गणित असतं. वेट प्लेटला फक्त निळा आणि अल्ट्राव्हायोलेट उजेड दिसतो. आभाळ पांढरंफटक, कुंकू काळं, आणि आपली सांगलीची हळद तर जवळजवळ काळीच. हळदीच्या कार्यक्रमात नवऱ्या मुलाचा टिनटाइप काढलात तर तो कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा दिसेल. मार्केट यार्डात हळदीच्या ढिगासमोर कोणाला उभं करून बघायची माझी फार इच्छा आहे. लाइट मीटरवर पण विसंबू नका, संध्याकाळचा पिवळा उजेड डोळ्याला भरपूर वाटतो आणि प्लेटवर काही येत नाही.

लॅबमास्तर_कराड

मधेच बोलतो, माफ करा. मी केमिस्ट्री शिकवतो. इथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरकत लांबच्या शेगडीपर्यंत जाते आणि पेट घेऊन परत येते. घरात स्वयंपाकघराजवळ हे करू नका. बऱ्याच व्हिडिओत व्हार्निश लावताना प्लेट दिव्यावर गरम करतात, त्यावेळी कोलोडियनची बाटली त्या खोलीत नसलीच पाहिजे. जुनं इथर साठवू नका, त्यात स्फोटक पेरॉक्साइड होतात. गनकॉटन (कोलोडियन ज्यापासून बनतं तो पेट घेणारा कापूस) घरी बनवायची तर गोष्टच काढू नका. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं तर काळे डाग पडतात ते जातात, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा असला तरी गॉगल वेगळा. आणि जुन्या पुस्तकात फिक्सर म्हणून पोटॅशियम सायनाइड दिलेलं असतं. हायपो आहे की! पांढरा रंग जरा कमी उजळ येतो म्हणतात, येऊ दे.

वापरलेला हायपो आणि सिल्व्हर मोरीत ओतू नका, शेवटी कृष्णेतच जातं. सिल्व्हरच्या धुवणात मीठ टाका, पांढरा साका बसतो, तो सुकवून ठेवा. विट्याकडचे गलाईवाले अख्ख्या देशात सोनं-चांदी गाळतात, थोडा साठला की ओळखीतून विचारा.

वाई_बॅकवॉटर

मोबाइलला सेपिया फिल्टर आहे ओ. फुकट.

कृष्णाकाठ_सांगली

वाईकर तुम्हाला कृष्णेत बुडवतो थांबा 😂 बाकीच्यांचे लय आभार. ठरलं असं की आता पेपर आणि एक्स-रे, इथर थंडी पडल्यावर आणि ते पण गच्चीवर. पत्रा आणि टेस्टिंग आधीच करून ठेवतो. दोन शंका. लेन्सवर फोकल लेंग्थ काही लिहिलेली नाही, कशी काढू? आणि त्याच होल्डरमधे ओली प्लेट घातली तर चालेल का?

अजिंक्यतारा_डार्करूम

लांबचं काहीतरी, समजा आयर्विन पूल, दुधी काचेवर शार्प करा आणि लेन्सच्या मध्यापासून काचेपर्यंत पट्टीने मोजा, तीच साधारण फोकल लेंग्थ. हाफ प्लेटचा कर्ण २०४ मिलिमीटर आहे म्हणजे २१० च्या आसपास निघाली तर नॉर्मल लेन्स. जवळून चेहरा काढताना भाता जेवढा लांबेल तेवढं एक्सपोजर वाढवायचं, भात्याची लांबी भागिले फोकल लेंग्थ, त्याचा वर्ग. २१० च्या लेन्सला भाता २६० झाला तर दीडपट. कागदावर लिहून कॅमेऱ्यालाच चिकटवा.

कोलोडियनवेडा

ओल्या प्लेटला मामांचे होल्डर सगळे वापरू नका. सिल्व्हर खाली ठिबकतं आणि सागवान काळं पडून कुजतं, शिवाय लाकडाची घाण प्लेटवर चढते. एकच होल्डर वेट प्लेटला बाजूला काढा, आतून चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) तीन-चार हात द्या, कोपऱ्यात प्लेट टेकते तिथं प्लास्टिकचे तुकडे बसवा आणि खालच्या खाचेत टिपकागदाची पट्टी, ती दर प्लेटला बदलायची. चपडा सतारवाल्यांकडे चांगला मिळतो. तिथंच चंद्रस (राळ) पण विचारा व्हार्निशसाठी, फक्त चंद्रस म्हणून देतात तो दरवेळी व्हार्निशला लागणारा सँडरॅकच असतो असं नाही, आधी बिघडलेल्या प्लेटवर लावून बघा. नाहीतर प्लेटला पण चपडाच लावा, रंग जरा पिवळसर येतो, वाईट नाही दिसत.

कृष्णाकाठ_सांगली

भारी. एक्स-रेची मागची बाजू ओरखड्यांनी भरली तर काही उपाय?

अजिंक्यतारा_डार्करूम

आहे की. धुवून सुकलेली निगेटिव्ह चांगली बाजू खाली करून काचेवर ठेवा, चारी कडा टेपने बंद करा आणि वरच्या बाजूवर कपडे धुवायचं ब्लीच ब्रशने फिरवा. इमल्शन सुटून येतं, मग भरपूर पाणी. टेपमधून ब्लीच आत शिरलं तर फोटो गेला, म्हणून टेप चांगला घ्या, शाळेच्या वहीला लावतात तो नको. प्रिंट आल्या की इथं टाका.