घराला नीळ की ऑफ-व्हाईट? भडक जोडरंगांबद्दल तुमचं मत हवंय

वेंगुर्ल्याचा धाकटा (धागाकर्ता):
पाऊस लागायच्या आत वेंगुर्ल्याचं घर रंगवून घ्यायचंय, नाहीतर मग थेट गणपती दारात. थोरला भाऊ म्हणतो, सगळीकडे ऑफ-व्हाईट आणि दारांना राखाडी. मला पडवीला नीळ, माजघराला हळदी आणि दारं-खिडक्या पोपटी हव्यात. मुंबईत सध्या असल्या जोड्यांना ‘रेट्रो’ म्हणतात. मोरपिशीशेजारी मोहरी, राणीशेजारी केशरी, सोफ्याच्या उशांपासून कुर्त्यांपर्यंत सगळीकडे तेच. भावाला वाटतं, मी तिथलीच फॅशन उचलून आणतोय.

परवा माजघराच्या दाराची चौकट पॉलिश पेपरने घासत होतो. तपकिरी ऑईलपेंटखाली पोपटी निघाला, पोपटीखाली आकाशी, आणि बिजागरीच्या मागे, जिथे नंतरचा ब्रश पोचलाच नव्हता, तिथे गेरूसारखा तांबडा. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत चार रंग! तपकिरी वडिलांच्या काळातला, मळखाऊ म्हणून लावलेला. मला वाटतं, आपण रंगांना घाबरायला लागलो ते याच एका शब्दापासून. साडी मळखाऊ, शर्ट मळखाऊ, पडदे मळखाऊ, शेवटी घरही मळखाऊ.

जांभा तांबडा, कोबा लाल, कौलं विटकरी आणि चार महिने बाहेर गच्च हिरवं. इतक्या ठाम रंगांच्या मधोमध ऑफ-व्हाईट भिंत मला तरी धुतलेली वाटतच नाही. इथल्या माणसांनीही रंग कधी चोरला नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते घ्या. दहा अवतारांची प्रत्येकी १२ अशी १२० पानं आणि अवतारागणिक जमीन निराळ्या रंगाची. गणपतीच्या माटवीत, म्हणजे मूर्तीवरच्या चौकटीत, केशरी कवंडळाच्या फळाशेजारी हरणाची पिवळी फुलं आणि पानांचे हिरवे टाळे बांधतो, तेव्हा कुणी ‘भडक’ म्हणतं का?

देवगडची सून:
मला पटत नाही, आणि कारण फॅशनचं नाही. माझ्या माहेरी भिंतींना छातीपर्यंत गडद हिरवा ऑईलपेंट होता, वर मळका पिवळा. जुलैत सकाळी दहाला दिवा लावावा लागायचा आणि वीज तर गेलेलीच असायची. आजी तांदूळ निवडायचं सूप घेऊन पडवीच्या कडेला, पागोळ्यांपाशी जाऊन बसायची, कारण आत तिला तांदळातला खडा दिसायचा नाही. पाठीवर पावसाची झड यायची तरी तिथेच. मोठ्या काकाने सगळं पांढरं करून घेतलं त्या वर्षी ती पहिल्यांदा पावसाळ्यात माजघरात बसून निवडायला लागली.

पांढरा म्हणजे शहराचा रंग, हे कुणी ठरवलं? चुन्याचा पांढरा आपल्याकडे रेट्रोच्या कितीतरी आधीपासून आहे. आणि साडी संध्याकाळी घडी करून ठेवता येते. भिंत दहा वर्षं समोर उभी असते.

मालवणचो:
माका पण भडक नको. आजकाल पर्यटकांक फोटो काढूक घरां रंगवतत. रवतलो कोण, आपणच मां? होडयेक भडक रंग शोभता, ती दर्यात लांबसून दिसाक व्हयी. घराक कित्याक?

माहेर हर्णै, सासर रत्नागिरी:
होडीची गोष्ट खरी, पण हर्णै बंदरावर वाढलेल्या माझ्यासारखीच्या डोळ्याला सवय लागते ती त्याच रंगांची. आईची जुनी नायलॉनची साडी आहे, आमसुली जमीन आणि बोटभर पोपटी काठ. मावसबहिणीच्या साखरपुड्याला ती केशरी ब्लाउजवर नेसले. घरातून निघताना वहिनी म्हणाली, “अगं, हे काय?” तिथे पोचल्यावर तीच दोनदा पदर हातात घेऊन बघत होती.

यात मला एवढंच कळलं की जोडी चुकत नाही, माप चुकतं. पोपटी बोटभर होता म्हणून साजला. अर्धी साडी आमसुली आणि अर्धी पोपटी असती तर मीही नेसले नसते. काळ्या चंद्रकळेलासुद्धा लाल काठच असतो, लाल जमीन नाही. धागाकर्त्यांनी घर अर्धं नीळ, अर्धं हळदी करू नये. जमीन कुठली आणि काठ कुठला, ते आधी ठरवा.

कुडाळचा रंगारी:
आधी भित बगा, मगे रंगाचा बोला. घर जांभ्याचं आहे ना? रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वेंगुर्ल्यातही काही कमी नाही. जांभा पाणी पितो. त्यावर प्लास्टिक पेंट मारलात की ओल आत कोंडते, दुसऱ्या पावसाळ्यात फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. मग नीळ असो नाहीतर ऑफ-व्हाईट, दोन्ही सारखेच वाईट दिसतात. भिंतीला चुनाच लावा, त्यातून ओल बाहेर पडते.

पण चुना जहाल असतो, बाजारातला प्रत्येक स्टेनर (छटेसाठी मिसळायचा रंग) त्यात टिकतोच असं नाही. गेरू, रामरज (पिवळी माती) आणि नीळ टिकतात. गेरू आणि रामरज ही लोखंडाची माती, उन्हाने उडत नाही. राणी, जांभळा असले रंग उन्हाच्या भिंतीला लावून मी गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्यात. चुना नीट विरवून, गाळून, पातळ तीन हात मारा. ओला असताना रंग गडद दिसतो, वाळला की कितीतरी फिका पडतो. म्हणून बादलीत बघून पसंत करू नका, भिंतीवर वाळवून बघा.

सावंतवाडीचा चित्रकलेचा मास्तर:
राखाडी दारांबद्दल एक सांगतो, भावाला वाचून दाखवा. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ विणकर कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथे तक्रार आली की काळा रंग नीट उतरत नाही. त्याने तपासलं तर काळा उत्तम होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता. १८३९ साली त्याने पुस्तकात मांडलं की शेजारी ठेवलेले दोन रंग डोळ्याला एकमेकांना बदलून दाखवतात. वर्गात मी लाल कागदावर राखाडी कागदाचा तुकडा ठेवतो आणि मुलं म्हणतात, “सर, हा हिरवट आहे.” तुमच्या लाल कोब्याशेजारी त्या राखाडी दारांचं हेच होणार. शांत म्हणून निवडलेला रंग तिथे आजारी दिसेल. पोपटी मात्र लालाशेजारी आणखी उजळेल, कारण हिरवा हा रंगचक्रात लालाच्या समोरचा रंग. म्हणून दार पोपटी, भिंत नव्हे. हर्णैच्या ताईंनी साडीवरून जे सांगितलं ते हेच.

वेंगुर्ल्याचा धाकटा (धागाकर्ता):
देवगडच्या ताई, तुमच्या आजीचं सूप दोन दिवस डोळ्यांसमोरून हललेलं नाही. आमच्या माजघरालाही एकच खिडकी आहे, तीही गोठ्याकडची. तिथला हळदीचा हट्ट मी सोडला. वर पांढरा चुना आणि खाली गुडघ्याएवढा रामरजचा पट्टा. दारं पोपटीच.

मालवणच्या दादांनू, लांबून दिसण्यासाठी रंग नकोय मला. एसटीतून उतरून पाणंदीने चालत येताना माडांमधून पहिल्यांदा पडवी दिसते, ती माझ्यासाठी घरी पोचल्याची खूण. ती निळी असावी असं मनापासून वाटतं. शनिवारी पडवीच्या भिंतीवर दोन-दोन हात जागेत नीळ आणि पांढरा शेजारी लावून वाळवतो. दुपारच्या उन्हात आणि रात्री दिव्याच्या उजेडात भावाला समोर बसवतो.

देवगडची सून:
माजघराचं ऐकलंत, बरं वाटलं. दारं पोपटी करा, मास्तरांचं पटलं. पडवीच्या निळीला माझा अजून विरोधच आहे. पण भिंत वाळली की फोटो टाका, आणि उन्हातला नको, ढगाळलेल्या दिवशीचा टाका.