दहशतवादी हल्ला झालाच तर आपल्याला नेमकं काय येतं?

चौथा_मजला
एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये एक कायदा मंजूर झाला. ज्या सार्वजनिक जागेत एका वेळी २०० किंवा त्याहून जास्त माणसं असू शकतात, तिथल्या चालकांनी हल्ल्याच्या वेळी काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं: लोकांना बाहेर कोणत्या वाटेने काढायचं, बाहेर धोका असेल तर आत कसं ठेवायचं, दारं कोण बंद करणार, निरोप कोण देणार. आकडा ८०० किंवा त्याहून जास्त असला की जबाबदाऱ्या वाढतात. २०१७ मध्ये मँचेस्टरच्या अरीनात संगीताचा कार्यक्रम संपताना स्फोट झाला, २२ जण गेले. त्यातल्या एका तरुणाच्या आईने वर्षानुवर्षं चिकाटी धरली म्हणून हा कायदा झाला. अंमलबजावणीला किमान दोन वर्षांची मुदत आहे.

माझं म्हणणं, हे सभागृहांपाशी थांबू नये. घरातल्या मोठ्या माणसांना भळाभळा वाहणारं रक्त थांबवता यायला हवं. फोन लागला नाही तर कुठे भेटायचं, बाहेरगावच्या कोणत्या नातेवाइकाकडे निरोप ठेवायचा, हे ठरलेलं हवं. आणि शेजारपाजारात कोण चालू शकत नाही, कोणाला ऐकू येत नाही, हे कोणाला तरी ठाऊक हवं. यात अतिरेकी असं काय आहे? (शब्दाबद्दल माफी.)

कोरडा_पाषाण
अतिरेकी हे आहे की ज्या गोष्टीने तुम्ही मरण्याची शक्यता नगण्य आहे तिच्या नावाने तुम्ही घराघरात तयारी मागताय. भीतीचा हिशोब नेहमी चुकतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत लोकांनी विमानं टाळून गाड्या काढल्या. गेर्ड गिगेरेंझर या मानसशास्त्रज्ञाच्या अंदाजाप्रमाणे पुढच्या वर्षभरात त्यापायी रस्त्यांवर सुमारे दीड हजार जादा माणसं मेली. हल्लेखोरांना त्यासाठी बोटही हलवावं लागलं नाही.

सरकारं तर याहून वरचढ. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकी सरकारने रासायनिक हल्ल्यासाठी प्लास्टिकचे कागद आणि चिकटपट्टी घरात ठेवा म्हटलं, आणि दुकानं रिकामी झाली. धोक्याची पातळी रंगांनी सांगणारी तिथली ती इशारा पद्धत २००२ ते २०११ चालली. एवढ्या वर्षांत ती पिवळ्याच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, खाली एकदाही उतरली नाही. जो दिवा कधीच विझत नाही तो बघून माणसाने करायचं काय?

चौथा_मजला
चिकटपट्टीबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण मी मागितलेल्या यादीत चिकटपट्टी कुठे आहे? रक्त थांबवणं रस्त्यावरच्या अपघातातही कामाला येतं, भेटायची जागा भूकंपातही. स्वीडनने २०१८ मध्ये सुमारे ४८ लाख घरांना पत्रक पाठवलं, त्यात युद्ध, वादळ, वीज जाणं, दहशतवादी हल्ला सगळं एकाच ठिकाणी होतं. तुम्ही शक्यता मोजताय ती एका संकटाची.

कोरडा_पाषाण
मग धाग्याचं नाव 'प्रथमोपचार शिका' ठेवा. दहशतवाद हा शब्द घातला की लोक पट्ट्या बांधायला शिकत नाहीत, शेजाऱ्याकडे संशयाने बघायला शिकतात.

रात्रपाळी
आकस्मिक विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं लांबण लावते.

मोठ्या धमनीतून रक्त जात असेल तर माणसाकडे काही मिनिटं असतात. रुग्णवाहिका तेवढ्यात येत नाही. त्यातून हल्ल्याच्या ठिकाणी तर पोलीस 'जागा सुरक्षित आहे' म्हणेपर्यंत मदतपथकं बाहेर अडवली जातात. मँचेस्टरच्या चौकशीत हेच बाहेर आलं: अग्निशमन दल पोचायला दोन तासांहून जास्त लागले, आणि स्फोट झालेल्या दालनात सुरुवातीची सुमारे चाळीस मिनिटं एकच पॅरामेडिक (रुग्णवाहिकेवरचा प्रशिक्षित कर्मचारी) होता. तोवर जखमींजवळ होते ते कर्मचारी आणि साधे लोक. जाहिरातींचे फलक आणि लोखंडी कठडे स्ट्रेचर म्हणून वापरले गेले.

याउलट २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांत तीन जण जागीच गेले, पण जिवंत रुग्णालयात पोचलेला एकही जखमी दगावला नाही. वैद्यकीय तंबू शर्यतीसाठी आधीच उभा होता, रुग्णालयं जवळ होती, हे खरं. पण लोकांनी हाताला येईल त्या कापडाने पाय आवळले, हेही तितकंच खरं.

म्हणून कोरडा_पाषाण, हे 'फक्त प्रथमोपचार' नाही. एका जागी एकदम शंभर जखमी आणि आत यायला कोणी नाही, ही परिस्थिती अपघातात सहसा येत नाही. तिथे आणखी एक नियम लागतो: जो चालू शकतो त्याने जखमींना घेऊन तिथून निघायचं, बघत उभं राहायचं नाही. दुसरा स्फोट अशाच गर्दीसाठी ठेवलेला असू शकतो.

उंबरठा
रात्रपाळी, सगळं पटलं. माझी अडचण अशा तयारीसोबत येणाऱ्या 'दक्ष नागरिक' या कल्पनेशी आहे, म्हणजे संशयास्पद माणसांवर नजर ठेवा आणि कळवा. २२ जुलै २००५ ला लंडनच्या स्टॉकवेल स्टेशनवर पोलिसांनी जाँ शार्ल द मेनेझेस या ब्राझिलियन तरुणाला बॉम्बर समजून गोळ्या घातल्या. त्याचा कशाशीही संबंध नव्हता. ते प्रशिक्षित पोलीस होते. मग आपल्या गल्लीतल्या दक्षता समितीचं काय होईल? तिच्या नजरेत कोण येणार आणि कोण येणार नाही, हे आपण सगळे जाणून आहोत, फक्त बोलत नाही.

जुनाजाणता
नाण्याची दुसरी बाजूही सांगा ना ताई. मँचेस्टरमध्येच मोठी पाठपिशवी घेऊन बसलेल्या त्या हल्लेखोराबद्दल एका पालकाने कर्मचाऱ्याला आधी सांगितलं होतं. एका कोवळ्या सुरक्षारक्षकालाही शंका आली होती. आपण चुकलो तर लोक वंशवादी म्हणतील, या भीतीने तो कचरला, असं त्यानेच सांगितलंय. तुमच्यासारख्यांच्या संकोचाची किंमत ती.

उंबरठा
त्याच रक्षकाने वायरलेसवर नियंत्रण कक्षाला कळवायचा प्रयत्न केला आणि संपर्क झाला नाही, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. अठरा वर्षांच्या पोराला उभं केलं, काय बघायचं ते नीट शिकवलं नाही, कोणाला सांगायचं तो रस्ताही धड नव्हता. आणि त्या पालकाने तर संकोच केलाच नव्हता! त्याचं म्हणणं पुढे गेलं नाही. कार्यक्रम संपत आला असताना अवजड पिशवी घेऊन आडोशाला बसणं, ही वागणूक आहे. तीच बघा, चेहरा नको. आणि कळवलेलं कुठे जातं ते आधी नक्की करा.

जुनाजाणता
वागणूक बघा म्हणणं सोपं. प्रत्यक्षात माणूस माणूसच बघतो. असो.

सहज_सुचलं
सरावाबद्दल कोणी बोलत नाही. जून २०१७ मध्ये इटलीतल्या तुरीनच्या चौकात हजारो लोक फुटबॉलचा अंतिम सामना पडद्यावर बघत होते. हल्ला नव्हताच, चोरट्यांनी तिखट फवारा मारला, लोकांना बॉम्ब वाटला. १,५०० हून अधिक जखमी. मला वाटतं सतत 'हल्ला, हल्ला' घोकलं तर असे तुरीन वाढतील.

आणि जमायची जागा ठरवणंही निर्धोक नसतं. १९९८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या ओमा गावात बॉम्ब न्यायालयापाशी आहे असा चुकीचा इशारा फोनवरून आला, पोलिसांनी माणसं न्यायालयापासून लांब हलवली, ती नेमकी बॉम्ब ठेवलेल्या गाडीच्या दिशेने. २९ मृत्यू.

चौथा_मजला
ओमाचा मुद्दा मोठा आहे. आगीचा सराव हल्ल्याला तसाच्या तसा लागू होत नाही, एकच ठरलेली जागा पुरत नाही. पण त्यावर सराव सोडून देणं हा उपाय कसा? रिक रेस्कोर्ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यात मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेचे सुरक्षाप्रमुख होते. तिथे १९९३ मध्ये झालेल्या स्फोटानंतर ते कर्मचाऱ्यांना वरचेवर जिने उतरायला लावत, लोक कुरकुरत. २००१ मध्ये 'जागेवरच थांबा' ही घोषणा झाली, ती त्यांनी मानली नाही. जवळपास २,७०० माणसं वाचली. ते स्वतः पुन्हा वर गेले, परतले नाहीत.

कोरडा_पाषाण
तो एका कंपनीचा पगारी माणूस होता, त्याचं कामच ते. माझा मुद्दा तोच आहे: हे काम पगारी लोकांकडे असू द्या. घराघरात फार तर एक शिस्त शिकवा, ती म्हणजे फोन खिशात ठेवण्याची. २००८ च्या मुंबई हल्ल्यात वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले. आज प्रत्येकाच्या हातात वाहिनी आहे.

रात्रपाळी
या एका गोष्टीवर तुम्हाला पूर्ण अनुमोदन. लपलेल्या माणसाला 'कुठे आहेस?' म्हणून फोनही करू नका, घंटी वाजते. लपणाऱ्याने फोनचा आवाजच नाही, थरथरही बंद करावी.

आगंतुक
वाचतोय. मला शिकवलं होतं की पाय पट्ट्याने आवळायचा आणि दर दहा मिनिटांनी सैल करायचा, नाहीतर पाय जातो. बरोबर ना?

रात्रपाळी
नाही! सैल करू नका. सैल केलं की पुन्हा रक्तस्राव सुरू होतो. आधी जखमेवर दोन्ही हातांनी, पूर्ण वजन टाकून दाब द्या. त्याने थांबत नसेल आणि जखम हातापायाची असेल तरच जखमेच्या वर, सांधा सोडून आवळा. नुसता कमरेचा पट्टा बहुतेक वेळा पुरेसा घट्ट बसत नाही. रुंद कापड गुंडाळून त्यात काठी अडकवून पिळा, रक्त थांबेपर्यंत. रुग्ण ओरडेल, तरी सोडू नका. वेळ लिहून ठेवा आणि सोडायचं काम डॉक्टरांवर ठेवा. पोटात, छातीत घुसलेली वस्तू ओढून काढू नका. आणि हे वाचून येत नाही, कोणाकडून तरी हातांनी शिका.