मदत हवी आहे: टोकियो घूलचा तिसरा सीझन कळेना, मांगा कुठून वाचू?

मंडळी, कोणीतरी सोडवा.

मागच्या आठवड्यात टोकियो घूल ही जपानी ॲनिमे (कार्टून मालिका) बघायला घेतली. पहिला सीझन 12 भागांचा, दोन रात्रींत फस्त. दुसरा, म्हणजे 'रूट ए', तोही 12 चा. घाईत वाटला, पण बघितला. आता तिसरा, 'री', सुरू केलाय आणि डोकं गरगरतंय. माणसं येतात, नावं सांगतात, मारामारी करतात, जातात. कोण कोणाच्या बाजूचं तेच कळत नाही. एखादा भाग सुटला की काय म्हणून दोनदा मागे जाऊन तपासलं. नाही सुटला.

मांगा, म्हणजे ज्यावरून ही मालिका केली ते जपानी कॉमिक, वाचायचा तर कुठून? पहिला सीझन संपतो तिथून, की पार पहिल्यापासून? आणि हे लोक 12 च भाग का करतात? फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड 64 भागांचं आहे, एकही जड गेला नाही. इथेही जास्त भाग केले असते तर काय बिघडलं असतं?

(पुढचं काही फोडू नका, हात जोडतो.)

प्रतिसाद 1

भाग सुटलेला नाही, गोष्टीलाच फाटा फुटलाय. 'रूट ए'मध्ये नायक कानेकी मांगापेक्षा वेगळी वाट धरतो, आणि 'री' परत मांगाच्या वाटेवर येतं. तुम्ही आलात तो रस्ता पुढे जातच नाही!

त्यात 'री'चा मांगा 16 खंडांचा, 179 प्रकरणं, ती बसवली 24 भागांत. म्हणजे भागामागे सात-साडेसात. एरवी दोन-तीन प्रकरणांचा एक भाग होतो. शिवाय 24 मिनिटांतली 3 मिनिटं सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाण्यांतच जातात.

12 चं म्हणाल तर, जपानी टीव्हीचं वर्ष जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असं तिमाहीत कापलेलं असतं. आठवड्याला एक भाग, तिमाहीचे 12-13. याला तिकडे 'कूर' म्हणतात. पैसा प्रकाशक, चॅनल, संगीत कंपनी असे बरेच जण मिळून घालतात. नव्या गोष्टीवर वर्षभराचा जुगार कोण खेळणार?

वाचायचं ते पहिल्या खंडापासूनच. पहिल्या सीझनमध्येही बरंच गाळलंय आणि मागेपुढे केलंय.

प्रतिसाद 2

जास्त भाग म्हणजे चांगलं, हे मला पटत नाही. पहिला नारुतो 220 भागांचा, पण 136 व्यापासून जवळजवळ सगळं फिलर, म्हणजे मांगात नसलेली भरती. मांगा पुढे सरकेपर्यंत वेळ काढायचा होता ना!

ब्रदरहुडचं नशीब बघा: मालिका एप्रिल 2009 मध्ये सुरू झाली, मांगा जून 2010 मध्ये संपला, मालिका जुलैत. त्याच मांगावरच्या 2003 च्या फुलमेटल मालिकेला 51 भाग मिळूनही शेवट स्वतःचाच रचावा लागला, कारण मांगा अर्धवट होता. उलट हायक्यू या व्हॉलीबॉलवरच्या मालिकेचा तिसरा सीझन फक्त 10 भागांचा, आणि त्यात एकच मॅच! मला तोच सगळ्यात आवडतो.

धागाकर्ता

आभार दोघांचे. 'री' पाचव्या भागावर थांबवलं. मूळ मांगाचे 14 आणि 'री'चे 16, म्हणजे 30 खंड. बाप रे. पुण्यात कोणाकडे पहिले दोन-तीन वाचायला मिळतील का? पानं दुमडत नाही, शप्पथ.