मदत हवी आहे: नाताळची सजावट स्वयंपाकघरात टिकत नाही

वसईत भाड्याचं घर आहे, त्यामुळे खिळा किंवा ड्रिल चालणार नाही. ओट्याच्या आजूबाजूला वरपर्यंत गुळगुळीत टाइल्स. करंज्या, कुलकुल तळायला घेतले की वाफेने आणि तेलाच्या चिकट थराने कागदी तारे टेपसकट गळून पडतात. टाइल्स नीट पुसून, कोरड्या करून साधी टेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, सक्शनचे हुक, सगळं करून झालं. शेगडीवर काही लावणार नाही. फक्त खिडकीभोवती आणि समोरच्या भिंतीवर. दिव्यांची माळ बॅटरीवरचीच आहे. ६ जानेवारीला तीन राजांचा सण होईपर्यंत सजावट राहायला हवी, आणि काढताना डाग नकोत, घरमालक त्याबाबतीत कडक आहेत. वाफेत टिकेल असं नेमकं काय वापरता? आणि ओल्या फडक्याने पुसता येतील असे तारे कशाचे करावेत?