मदत हवी आहे: पिकअप दोन इंच उचलल्यावर कॅस्टर मर्यादेत येत नाही

इंदुरात घराच्या अंगणातच मी माझ्या फोर-बाय-फोर इसुझू व्ही-क्रॉसचे सस्पेन्शन उचलले आहे. पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बरच्या एकत्र जोडाच्या) माथ्यावर एक इंच जाडीचा स्पेसर म्हणजे चकती बसवली. स्ट्रटचे खालचे टोक लोअर आर्मच्या (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मधल्या भागात जोडलेले असल्यामुळे चाकापाशी उंची जवळपास दुप्पट, म्हणजे दोन इंच वाढली. मागे लीफ स्प्रिंगमध्ये एक पाते वाढवले. उंची चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत मोजली असून दोन्ही बाजू सारख्या आहेत. टायर मूळ मापाचेच आहेत.

त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी, करून घेतली. टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर रोख) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) जुळले, परंतु हे कोन बदलणारे कॅम बोल्ट टोकापर्यंत फिरवूनही कॅस्टर (बाजूने पाहता स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल) दोन्ही बाजूंना किमान मर्यादेच्या खालीच राहतो, आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही, हे मला महामार्गावर धोक्याचे वाटते. सर्व बुश बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळले आहेत, बॉल जॉइंटमध्ये ढिलाई नाही, ब्रेकच्या नळ्यांना पूर्ण वळणावरही ताण येत नाही आणि हेडलाइटचा झोत खाली घेतला आहे. चॅसीला कापणे किंवा वेल्डिंग करणे मला मान्य नाही.

अशा स्थितीत बॉल जॉइंट मागे सरकवलेले वेगळे अपर कंट्रोल आर्म बसवल्याने कॅस्टर खात्रीने मर्यादेत येतो का, की अर्ध्या इंचाचा स्पेसर घालून उंची एक इंचावर आणणे हाच सुरक्षित उपाय आहे? शिवाय, याच उंचीवर ज्यांनी बरेच अंतर गाडी चालवली आहे, त्यांच्या पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट टिकले का?