मदत हवी आहे : आठवीतला मुलगा, रडणाऱ्या मित्राचा स्टिकर आणि घरातले दोन सूर

नमस्कार. मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेत राहते. मुलगा आठवीत आहे, त्याच्याबद्दल विचारायचंय. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

पेठेतल्या फुटबॉलबद्दल इथल्यांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की इथं तालमी-तालमींचे संघ असतात आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातल्या आज्ज्यासुद्धा "काय झालं रं?" विचारतात. माझा मुलगा लहान गटात खेळतो. मध्यंतरी एका स्पर्धेत पेनल्टीवर त्यांच्या गोलकीपरच्या हातातून बॉल निसटला आणि संघ बाहेर गेला. ते पोरगं गोलपोस्टला टेकून रडलं. कुणीतरी फोटो काढला, त्याचा स्टिकर केला आणि पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आता कुणी गृहपाठ विसरलं तरी तोच स्टिकर, कुणाची सायकल पंक्चर झाली तरी तोच.

हे मला त्या मुलाच्या आईनं सांगितलं. भांडायला नव्हती आली. मंडईत भेटली, बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचापण आहे त्यात. आमचा ग्राऊंडवर जायलाच नको म्हणतोय." घरी येऊन मुलासमोरच ग्रुप बघितला. स्टिकर त्यानं केलेला नाही, पण पाठवणाऱ्यांत तो पुढं आहे. विचारलं तर म्हणाला, "सगळेच टाकतात की. मी एकट्यानं काय केलंय? आणि गंमत हाय ती."

हा मुलगा मुळात असा नाही. २०२१ च्या जुलैत पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा माझी बहीण चिखलीहून पोरांना घेऊन आमच्याकडे आली होती. आम्ही मोठी माणसं धान्य, कागदपत्रं यातच होतो. हा रात्री मला हलवून विचारत होता, "मावशीची म्हस कुठं झोपली असंल?" तेव्हा अगदी लहान होता.

दुसरी गोष्ट. त्या सामन्यानंतर यालाही संघातून बाहेर बसवलं. घरी आला, बूट कोपऱ्यात टाकले, पोट दुखतंय म्हणून जेवला नाही. दोन दिवस तेच. काय झालं विचारलं की "काय नाही." मला वाटतं या दोन गोष्टी एकच आहेत. रडणाऱ्याचं काय होतं ते त्यानं डोळ्यांनी बघितलंय, म्हणून तो हसणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलाय.

घरात सूर जुळत नाहीत. सासरे जुने पैलवान. नातवावर जीव आहे, सामन्याच्या आदल्या रात्री स्वतः त्याचे पाय तेलानं चोळून देतात. पण म्हणणं एकच, "पोरगं हाय ते, एवढ्या-तेवढ्याला रडायला लागलं तर टिकणार कसं?" नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री येतो. त्याचं मत, मोबाईल काढून घे, विषय संपला.

मला त्याला चारचौघांत खाली मान घालायला लावायची नाही, आणि "पोरं अशीच असतात" म्हणून सोडूनही द्यायचं नाही. त्या मुलाची माफी त्यानं मनापासून मागावी यासाठी बोलायला सुरुवात कशी करू? हार झाली की तो आतल्या आत मिटतो, त्यावर काय करता येईल? आणि सासऱ्यांशी कसं बोलू? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

---

प्रतिसाद (शाळेत समुपदेशक आहे)

ताई, आधी त्याच्या पोटदुखीकडे बघा, स्टिकर नंतर. स्वतःचं दुःख बोलायची मुभा नसलेल्या मुलाला दुसऱ्याचं दुःख बघवत नाही. "संघातून काढलं तेव्हा फार लागलं असणार" एवढंच म्हणा आणि थांबा. लगेच उपाय सांगू नका, "पुढच्या वेळी होईल" सुद्धा नको. या वयाची पोरं समोरासमोर बसवून बोलत नाहीत. गाडीवर मागं बसलेली असताना किंवा भांडी लावताना बोलतात.

स्टिकरबद्दल बोलताना "तू वाईट आहेस" आणि "तू केलंस त्यानं त्याला काय झालं" यातलं दुसरंच बोला. मार्टिन हॉफमन या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकापासून हेच मांडलं : नुसती शिक्षा किंवा अबोला धरण्यापेक्षा आपल्या वागण्याचा समोरच्यावर झालेला परिणाम आईबापांनी समजावून सांगितला, तर मुलांमध्ये दुसऱ्याची जाणीव जास्त रुजते. "तो ग्राऊंडवर येत नाही, त्याची आई मंडईत मला काय म्हणाली" हे जसंच्या तसं सांगा. मोबाईल काढून घेतला तर त्याचं सगळं लक्ष मोबाईलवर जाईल, मित्रावर नाही.

---

प्रतिसाद (पूर्वी पेठेकडून खेळलोय, आता पोरांना शिकवतो)

वहिनी, माफी ग्रुपवर मागायला लावू नका. तिथं परत तोच स्टिकर येणार. तुमच्या पोराला एकट्याला त्याच्या घरी पाठवा, बॉल घेऊन. "चल, पेनल्टी मारतो, तू अडव." पोरांची माफी अशीच असते. तोंडानं "चुकलं" म्हणाला तर उत्तमच, पण ते लगेच येईल असं धरू नका. आणि कोचला सांगाच. संघात असलं काही चाललंय हे आम्हाला कळतच नाही, कारण ग्रुपमध्ये आम्ही नसतो.

आजोबांचं म्हणाल तर त्यांनाच कामाला लावा. पैलवान चितपट झाल्यावर काय करत होता, कुणी उठवलं, त्या रात्री जेवण गेलं का, हे नातवाला सांगा म्हणावं. हरलेल्या कुस्त्या सांगायला लावा. जिंकलेल्या सगळ्यांना पाठ असतात.

---

प्रतिसाद

मला काळजी त्या गोलकीपरची वाटते. खेळ सोडला, घराबाहेर पडत नाही, झोप किंवा खाणं बिघडलं, "मी नसलेलाच बरा" असं काही बोलला, तर वाट बघू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पालकांनीही फोन केला तर चालतो. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. त्याच्या आईला हे तुम्हीच सांगा, तुमच्याशी ती बोललीय.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच्या आईला काल फोन केला, नंबर दिला. खातोय-पितोय, झोपतोय, पण ग्राऊंड नको म्हणतोय. मुलाला ती मंडईत काय म्हणाली ते गाडीवर सांगितलं. रंकाळ्यापासून घरापर्यंत काही बोलला नाही. जिन्यात म्हणाला, "त्यानं ग्रुप सोडलाय, मला वाटलं रागानं सोडलाय." आणि मग, "मला बाहेर बसवलं तेव्हा माझापण काढला असता स्टिकर." मी फक्त "हो, ती भीती वाटतेच" म्हटलं. रात्री जेवला नीट.

सासऱ्यांना हरलेल्या कुस्तीचं विचारलं. आधी "कशाला त्ये" म्हणाले, पण खासबागेतल्या एका कुस्तीचं निघालं आणि मुलगी पण येऊन बसली. त्यांनी शेवटी काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी आत भाकऱ्या करत होते.

रविवारी बॉल घेऊन जायचं म्हणतोय. एक शंका आहे : तो मुलगा भेटायलाच नाही म्हणाला तर याला काय सांगू? त्याच्या आईला आधी विचारून ठेवावं, की मुलांचं मुलांनाच बघू द्यावं? आणि ग्रुपमधल्या बाकीच्या पोरांच्या पालकांशी मी बोलावं, की ते कोचकडूनच जावं? शनिवारच्या आत कुणी सांगितलं तर बरं होईल.