पिट्सबर्गच्या जुन्या कोर्टाचा दरवाजा अधांतरी का?

मंडळी, लेकीकडे पिट्सबर्गला आलोय. ग्रँट स्ट्रीटवरच्या काउंटी कोर्टाच्या देखण्या कमानी डोक्याच्याही वर सुरू होतात आणि लोक खालच्या बुटक्या दारांतून आत शिरतात. बांधणाऱ्याची गफलत की काय?

↳ गफलत नाही हो काका! चढ मोडायला १९१३च्या सुमारास रस्ताच खाली खणला. मग कमानींना जिना जोडला, तोही पुढे रस्तारुंदीत गेला. तुम्ही शिरता ते मूळचं तळघर.

↳ वास्तुकार हेन्री हॉब्सन रिचर्डसनचं काम. आधीचं कोर्ट १८८२ला जळालं. हे १८८८ला पुरं झालं, पण तो १८८६लाच वारला. समोरचा उंच मनोरा नुसता शोभेचा समजू नका. गावभर कारखान्यांचा धूर, म्हणून वरची त्यातल्या त्यात स्वच्छ हवा तिथून आत घ्यायची सोय होती. मला विचाराल तर मागचा तुरुंग कोर्टापेक्षा सरस. खडबडीत ग्रॅनाइटचे केवढाले चिरे! हात लावून बघाच.

↳ आणि मधला दगडी पूल? व्हेनिसच्या पुलावरून घेतलाय. कैद्यांना रस्त्यावर न आणता थेट कोर्टात नेत.

↳ वा! उद्या जावईबापूंना घेऊन मागच्या बाजूने चक्कर मारतो. तुरुंग आत जाऊन बघता येतो का?

↳ कैदी १९९५लाच हलवले. आता तिथे कौटुंबिक न्यायालय भरतं.